जुन्या मैफली, ग्राफिक्स कार्ड आणि डॉकर: कंटेनरमधे व्हिडिओ एन्कोडिंग चालवण्याचा अनुभव

मिरजेतल्या एका संगीत संस्थेकडे मिनीडीव्ही कॅसेटींवर केलेलं बैठकींचं आणि वार्षिक उत्सवाचं जुनं चित्रण आहे, साधारण चारशे कॅसेटी. त्या फायरवायरने कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं काम माझ्या आधीच्या मंडळींनी केलं होतं, माझ्याकडे आलं ते पुढचं काम, म्हणजे या फायलींमधून सभासदांना बघता येतील अशा हलक्या प्रती तयार करणं, म्हणजे एन्कोडिंग. जानेवारी २०२४ मधे हातात घेतलं आणि जूनमधे ते आपलं आपण चालायला लागलं. त्यातला ग्राफिक्स कार्डवरचं एन्कोडिंग डॉकर कंटेनरच्या आत (डॉकर म्हणजे एकाच मशीनवर प्रत्येक प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या फायलींसकट वेगळ्या कप्प्यात चालवायची पद्धत, तो कप्पा म्हणजे कंटेनर) चालवायचा जो भाग आहे तेवढाच इथे सविस्तर लिहितोय, कारण मराठीत मला याबद्दल कुठे काही सापडलं नाही, आणि इंग्रजीत जे सापडतं ते तुकड्यातुकड्यात, प्रत्येक तुकडा वेगळ्या वर्षीचा.

आधी आकडे सांगतो. डीव्ही फाईल तासाला साधारण १३ जीबी खाते. चारशे तास धरले तर पाच टीबीच्या वर. संस्थेचा सर्व्हर म्हणजे आय३ १०१००एफ वाला एक असेंबल्ड डबा, जिन्याखालच्या कपाटात ठेवलेला, त्यावर ग्रंथालयाचा कॅटलॉग चालतो, बॅकअप चालतो आणि वाचनकक्षातल्या दोन टर्मिनलना व्हिडिओ देणारं जेलीफिन चालतं, सगळं डॉकरमधे. प्रोसेसरच्या नावातला तो शेवटचा एफ महत्त्वाचा आहे. एफ असला की प्रोसेसरमधे इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंक ही इंटेलची व्हिडिओ एन्कोड करायची सोयही नाही. तुमच्या मशीनमधे एफ नसेल तर कार्ड विकत घ्यायच्या आधी तेच वापरून बघा, एकही रुपया खर्च न होता काम होऊ शकतं. त्याचंही कंटेनरमधे एक गणित आहे, डीआरआय फोल्डरमधलं रेंडर डी१२८ हे डिव्हाइस आत द्यायचं आणि कंटेनरमधल्या युजरला होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या मूळ मशीनच्या, रेंडर ग्रुपचा नंबर द्यायचा. ग्रुपचं नाव देऊन भागत नाही, कारण त्याच नावाच्या ग्रुपचा नंबर आत वेगळा असू शकतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बघतो तो नंबर. माझ्या लॅपटॉपवर मी हे आधी करून बघितलं आणि व्यवस्थित चाललं, पण संस्थेच्या सर्व्हरला त्याचा उपयोग नव्हता.

प्रोसेसरवर एक्स२६४ या एन्कोडरने, स्लो प्रीसेटवर (सावकाश पण नीट), एका तासाच्या कॅसेटला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागत होता. एकदाच करायचं असतं तर रात्री रात्री लावून ठेवलं असतं आणि काही आठवड्यांत संपलं असतं, त्यासाठी कार्ड घ्यायची काही गरज नव्हती हे मी कार्यकारिणीलाही स्पष्ट सांगितलं. पण आमचं काम एकदाच होत नाही. जाणकार मंडळी बसून ऐकतात, कुठे राग बदलला, कुठे कलाकार बदलला ते लिहून देतात, मग त्याप्रमाणे कापून परत एन्कोड, मग कोणीतरी म्हणतं सुरुवातीची आलापी अर्धी गेली, परत एन्कोड. आणि दिवसा एन्कोडिंग लावलं की कॅटलॉग इतका रेंगाळायचा की ग्रंथपाल बाई फोन करायच्या.

क्लाउडचा विचार झाला होता. एन्व्हिडियाच्या टी४ कार्डवाली भाड्याची मशीन तेव्हा, २०२४ मधे, तासाला चाळीस-पन्नास रुपयांच्या घरात मिळत होती, एन्कोडिंगपुरतं बघितलं तर स्वस्तच. पण पाच टीबी वर चढवायचे कसे? ५० एमबीपीएस अपलोड पूर्ण वेगाने अखंड मिळाला असं धरलं तरी नऊ दिवसांच्या वर जातात, आणि आमच्याकडे लाईट अखंड नसते. शिवाय नव्या खात्याला जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डचा, कोटा बहुतेक वेळा शून्यच असतो, तो वाढवून घ्यायला वेगळा अर्ज करावा लागतो. ते तिथेच सोडलं.

मग कार्ड. फेब्रुवारीच्या बैठकीत विषय ठेवला. खजिनदार काकांनी विचारलं, "अरे, हे गेम खेळायचं कार्ड ना? ऑडिटर विचारेल, संगीत संस्थेला कशाला हे." त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना शेजारी बसवून दाखवलं की कार्डमधे गेमच्या भागापेक्षा वेगळी एक छोटी चिप असते, तिचं काम फक्त व्हिडिओ दाबून लहान करणं, एन्व्हिडियाच्या कार्डात तिला एनव्हेंक म्हणतात आणि २०१२ च्या केप्लर पिढीपासून ती आहे. आपण पैसे देणार ते त्या चिपसाठी. काका म्हणाले, "मग ठरावात तसंच लिही, व्हिडिओ डिजिटायझेशनसाठी उपकरण." तसा ठराव झाला, खर्चाची मर्यादा ३०,००० रुपये.

सार्वजनिक न्यास असला की सहसा तीन कोटेशनं लागतात, जीएसटी नंबरसकट, लेटरहेडवर, आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता फाईलला लावावा लागतो. एक सांगलीचं, दोन कोल्हापूरची. जुनं कार्ड निम्म्या किमतीत मिळत होतं पण पक्कं बिल नाही, त्यामुळे तो मार्ग बंदच. आणि एक कोटेशन नुसतं व्हॉट्सॅपवर आलं होतं, ते लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट मागवण्यात आठवडा गेला. कोणी ट्रस्टसाठी असं काही घेणार असेल तर हे जानेवारीतच सुरू करा, मार्च एंडला दुकानदारालाही वेळ नसतो आणि ३१ मार्चच्या आत बिल आणि पेमेंट दोन्ही बसवायचं असतं.

कार्ड निवडताना एक गोष्ट बघितली ती सांगतो. बजेट कमी म्हणून जीटीएक्स १६५० कडे सगळे जातात, पण मूळ १६५० मधली एनव्हेंक चिप ही त्याच्या आधीच्या व्होल्टा पिढीतली आहे, नाव ट्युरिंगचं असलं तरी. एच.२६४ ला चालतं, पण एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटमधे बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून बनणाऱ्या, जागा वाचवणाऱ्या) मिळत नाहीत आणि ट्युरिंगमधे जी क्वालिटी सुधारली ती त्यात नाही. १६५० सुपर, १६६० आणि पुढच्यांमधे आहे. नवीन आणि बिलासकट मिळणारं म्हणून आम्ही आरटीएक्स ३०५० घेतलं, ८ जीबीवालं, साधारण २२,००० ला. त्याला वेगळी पॉवर केबल लागते आणि डब्यातला जुना एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, पुरणार नव्हता, तर ५५० वॅटचा नवीन, चार हजारांच्या आसपास. एकूण २६,००० च्या घरात, मर्यादेत बसलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कार्ड आलं आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी बसवलं.

आता मुख्य भाग. हे सगळं थरांचं काम आहे. व्हिडिओ फाईल आणि ती चिप यांच्या मधे होस्टचा ड्रायव्हर, डॉकरला कार्ड दाखवणारं टूलकिट, कंटेनरला दिलेली परवानगी आणि आतल्या एफएफएमपेगची (व्हिडिओचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची) बांधणी असे चार दरवाजे आहेत, आणि प्रत्येक दरवाजा बंद असताना येणारा एरर वेगळा. मी खालून वर, एकेक थर तपासत गेलो, आणि तुम्हीही तसंच करा, वरून सुरुवात केली तर रात्र रात्र जाते.

पहिला थर होस्ट. उबुंटू २२.०४ सर्व्हर. सर्व्हरला स्क्रीन नसते म्हणून मी हेडलेस ड्रायव्हर टाकला, ५३५ मालिकेचा सर्व्हरवाला. ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड होईना, कारण सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल चालू न देणारी सोय) चालू होतं. तसं असलं की इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीबूटनंतर एक निळी स्क्रीन येते, एनरोल एमओके वाली, तिथे तोच पासवर्ड टाकायचा. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते, कोणी काही दाबलं नाही तर पुढे बूट होऊन जाते आणि तुम्ही लांबून एसएसएचने बघत असाल तर तुम्हाला कळतही नाही. म्हणून मॉनिटर आणि कीबोर्ड घेऊन कपाटासमोर बसायची तयारी ठेवा. मी ग्रंथपाल बाईंचा मॉनिटर दुपारच्या सुट्टीत मागून आणला.

याच थरातली आणखी एक गोष्ट, आणि ही फार कमी ठिकाणी लिहिलेली आहे. हेडलेस पॅकेजमधे एन्कोडिंगची लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारी ड्रायव्हरची तयार फाईल) येत नाही. एन्व्हिडिया एसएमआय हे तपासणीचं टूल युटिल्स पॅकेजमधून वेगळं टाकावं लागतं, आणि लिबएन्व्हिडिया-एन्कोड, लिबएन्व्हिडिया-डिकोड ही आणखी दोन पॅकेजेस वेगळी, त्याच ५३५ सर्व्हर मालिकेची. होस्टवर ही नसतील तर कंटेनरमधे कधीच येणार नाहीत, कारण कंटेनरमधे ड्रायव्हरच्या लायब्ररी इमेजमधून (कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्यातून) येतच नाहीत, टूलकिट त्या होस्टवरून आत जोडतं. हे समजलं की निम्मं कोडं सुटतं. इमेजमधे ड्रायव्हर टाकायचा नसतोच, टाकला तर उलट भांडण लागतं, कारण आतली लायब्ररी आणि बाहेरचं कर्नल मॉड्यूल एकाच व्हर्जनचं असावं लागतं.

दुसरा थर टूलकिट. एन्व्हिडिया कंटेनर टूलकिट हे त्यांच्या रिपॉझिटरीतून टाकायचं, मग त्याच्याबरोबर येणाऱ्या सीटीके कमांडने डॉकरची डीमन फाईल कॉन्फिगर करून घ्यायची आणि डॉकर रीस्टार्ट. जुन्या लेखांमधे एन्व्हिडिया-डॉकर नावाचं वेगळं प्रकरण दिसेल, ते आता लागत नाही, डॉकर १९.०३ पासून, म्हणजे २०१९ पासून, जीपीयूजचा फ्लॅग डॉकरमधेच आहे. डॉकर रीस्टार्ट म्हणजे सगळे कंटेनर खाली बसून परत उठणार, म्हणून संस्था बंद झाल्यावर करा. मी रात्री नऊनंतर केलं.

मग उबुंटूच्या साध्या इमेजमधे कार्ड देऊन एन्व्हिडिया एसएमआय चालवलं आणि ३०५० चा तक्ता समोर आला. इथे बहुतेक लेख संपतात, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. तक्ता दिसला म्हणजे ड्रायव्हर आणि टूलकिट ठीक आहे एवढंच सिद्ध होतं. एन्कोडिंग चालेल असं त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

त्याच रात्री कुडाच्या (कार्डवर हिशोब करायच्या एन्व्हिडियाच्या प्रणालीच्या) बेस इमेजवर बनवलेल्या कंटेनरमधे एफएफएमपेग चालवलं तर सरळ उत्तर आलं की लिबएन्व्हिडिया-एन्कोड डॉट एसओ डॉट १ लोड होत नाही. होस्टवर फाईल आहे, कार्ड दिसतंय, एसएमआय चालतंय. हा तिसरा थर, परवानगीचा. टूलकिटने होस्टवरून काय काय आत जोडायचं हे एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर ठरतं, एन्व्हिडिया ड्रायव्हर कॅपॅबिलिटीज असं त्याचं नाव, त्यात कॉम्प्युट, युटिलिटी, ग्राफिक्स, व्हिडिओ, डिस्प्ले असे शब्द देता येतात. काहीच दिलं नाही तर युटिलिटी आणि कॉम्प्युट एवढंच मिळतं, आणि कुडाच्या तयार इमेजमधेही तेवढंच लिहिलेलं असतं. एसएमआय हे युटिलिटीत येतं म्हणून ते चाललं. एन्कोडिंग-डिकोडिंगच्या लायब्ररी व्हिडिओ या शब्दामागे आहेत. कॉम्पोज फाईलमधे, म्हणजे कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेल्या डॉकरच्या फाईलमधे, कॉम्प्युट, युटिलिटी, व्हिडिओ असे तीन शब्द लिहिले आणि लायब्ररी आत दिसायला लागली. ऑल लिहिलं तरी चालतं, पण मला गरजेपुरतंच द्यायला आवडतं, आणि सहा महिन्यांनी फाईल वाचणाऱ्यालाही कळतं की इथे व्हिडिओ का हवं होतं.

कॉम्पोजबद्दल एक बारीक टीप, डिव्हाइसेसच्या रिझर्व्हेशनखाली कॅपॅबिलिटीज नावाची जी यादी असते, ज्यात जीपीयू लिहायचं असतं, ती वेगळी आणि हे व्हेरिएबल वेगळं, नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो. मी दोन्ही लिहिलंय.

चौथा थर एफएफएमपेगची बांधणी. लायब्ररी सापडली तर पुढचा एरर, एनव्हेंक एपीआय १२.२ हवा, सापडला १२.१, किमान ड्रायव्हर ५५०.५४.१४ लागेल. हा एरर खरं तर फार चांगला आहे, सगळं स्पष्ट सांगतो, पण लोक तो पाहून थेट ड्रायव्हर बदलायला धावतात. होतं असं की एफएफएमपेग बांधताना एनव्ही-कोडेक-हेडर्स नावाच्या हेडर फायली वापरतात, आणि त्या ज्या व्हर्जनच्या असतील त्याला पुरेसा नवा ड्रायव्हर होस्टवर असावा लागतो. १२.२ ला ५५०, १२.१ ला ५३०.४१.०३. माझा ड्रायव्हर ५३५, उबुंटूने दिलेला, स्थिर चालणारा. मग मी ड्रायव्हर वर न्यायच्या ऐवजी हेडर खाली आणले, १२.१ चा टॅग घेऊन एफएफएमपेग ६.१ परत बांधलं. कंटेनरचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे जाणवला, होस्टला हात न लावता आतली बांधणी हवी तशी बदलता आली आणि कॅटलॉग, जेलीफिन कशालाही धक्का नाही.

स्वतः बांधण्याचं अजून एक कारण होतं, कार्डवर चालणारा डीइंटरलेस फिल्टर, तो कशाला ते पुढे येईलच. मी ज्या तयार इमेजने सुरुवात केली त्यात एच२६४ एनव्हेंक होतं पण कुडाचे फिल्टर नव्हते. ते हवे असतील तर बांधताना कुडा एनव्हीसीसी किंवा कुडा एलएलव्हीएम यातलं एक चालू करावं लागतं. एनव्हीसीसीने बांधलं तर एफएफएमपेग नॉनफ्री होतं आणि तयार बायनरी दुसऱ्याला वाटता येत नाही, एलएलव्हीएमला ती अट नाही. आमच्यासारख्या दुसऱ्या संस्थेने मागितलं तर इमेज देता यावी म्हणून मी एलएलव्हीएमने, म्हणजे क्लँग टाकून, बांधलं.

आणि एक, एन्कोडरच्या यादीत एनव्हेंक दिसतंय म्हणून चालेलच असं नाही, यादी फक्त बांधणीत काय आहे ते सांगते. खात्री करायची तर एफएफएमपेगचा टेस्ट पॅटर्न पाच सेकंद एन्कोड करून कुठेही न लिहिता फेकून द्यायचा. ही छोटी चाचणी मी कंटेनर सुरू होतानाच चालवतो, ती नापास झाली तर काम सुरूच होत नाही. ड्रायव्हरचा काही घोळ असेल तर पहिल्याच मिनिटाला कळतो, रात्रभर रांगेतल्या फायली फेल होऊन सकाळी नाही.

एप्रिलच्या मध्यावर पहिल्या खऱ्या फाईलचं एन्कोडिंग झालं. दहा-बारा पट वेगाने, तासाची कॅसेट पाच-सहा मिनिटांत. मला खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात ती फाईल आमच्याकडच्या एका निवृत्त तबलाशिक्षकांना दाखवली, त्यांच्याच शिष्याची साथ होती त्यात. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "सूर ऐकायला छान आहे रे, पण हाताचं काय झालंय? बोटं दिसतच नाहीत." बरोबर होतं त्यांचं. डीव्ही इंटरलेस्ड असतं, प्रत्येक फ्रेममधे दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात, आणि हात जोरात हलला की बोटांच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी होतात. ही पहिली चाचणी मी फिल्टर न लावता केली होती, फक्त वेग बघायला.

फिल्टर लावून दिलं तर दातेरीपणा गेला, पण सर म्हणाले, "आता हात उड्या मारतोय. द्रुत लय लागली की मधलं काहीतरी गळतंय." मी ज्या सेटिंगवर फिल्टर लावला होता त्यात तो सेकंदाला २५ फ्रेम देतो, म्हणजे एका फ्रेममागे एकच क्षण ठेवतो आणि दुसऱ्या क्षणाची वेगळी फ्रेम करत नाही. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या टेपवर सेकंदाला ५० क्षण टिपलेले असतात. फिल्टरला प्रत्येक फील्डमागे, म्हणजे प्रत्येक क्षणामागे, एक फ्रेम दे असं सांगितलं, सेकंदाला ५० फ्रेम, आणि फील्डचा क्रम स्पष्ट सांगितला, डीव्हीत खालची ओळ आधी असते. (कॅप्चर कार्डने घेतलेल्या व्हीएचएसमधे बरेचदा उलटा क्रम असतो, तिथे तपासून घ्या, क्रम चुकला तर चित्र पुढे-मागे थरथरतं.) ही तिसरी प्रत सरांनी तिहाईपर्यंत पूर्ण बघितली, मागे घेऊन परत बघितली, आणि बाया, म्हणजे डग्गा, कसा घुमवला ते शेजारच्या मुलाला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवायला लागले. त्यानंतर मी ते सेटिंग बदललेलं नाही. संगीताच्या चित्रणात ५० ठेवाच, फाईल थोडी मोठी होते पण ज्यांच्यासाठी आपण हे करतोय ते हातच बघत असतात.

या सगळ्यात फाईलचा प्रवास कसा होतो ते एकदा सांगतो, कारण इथेही गैरसमज असतो की सगळं कार्डच करतं. डीव्ही हा फॉरमॅट कार्डचा डिकोडर ओळखतच नाही, त्याला एमपेग-२, एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ अशी मंडळी कळतात. म्हणून डिकोड प्रोसेसरवर होतं, तिथून फ्रेम कार्डच्या मेमरीत चढवायची, तिथेच बीडब्ल्यूडिफचा कुडावाला फिल्टर, जो एफएफएमपेग ६.१ पासून आला, आणि तिथूनच थेट एनव्हेंकला. फिल्टरनंतर फ्रेम परत खाली आणून पुन्हा वर चढवली तर वेगाचा बराच फायदा तिथेच जातो. आवाज पूर्ण वेगळा, तो प्रोसेसरवरच, एएसी फॉरमॅटमधे, २५६ केबीपीएसला. संगीत संस्थेत आवाजावर काटकसर करायची नाही असं माझं मत आहे. काही कॅसेटी लाँग प्लेवर (टेप हळू फिरवून जास्त वेळ रेकॉर्ड करायची सोय) आणि ३२ किलोहर्ट्झ आवाजात निघाल्या, त्या तशाच ठेवल्या, वर ताणल्या नाहीत.

आणि हेही ठामपणे सांगतो की एनव्हेंकची प्रत ही बघायची प्रत. मूळ डीव्ही फायली आम्ही हात न लावता दोन वेगळ्या डिस्कवर दोन वेगळ्या जागी ठेवल्यात. चिप वेगवान आहे, क्वालिटीही आता चांगली आहे, पण जतन करायची प्रत म्हणजे जी टेपवरून उतरली तीच. जागा वाचवायला मूळ फायली पुसायचा विचार कोणी बैठकीत मांडला तर सरळ विरोध करा.

मे महिन्यात एकाच वेळी किती फायली चालवायच्या हा प्रश्न आला. माझी कल्पना होती की कंटेनर वाढवले की वेग वाढेल. दोनपर्यंत वाढतो, कारण एक फाईल डिकोड होईपर्यंत चिप रिकामी असते तिथे दुसरी बसते. त्यापुढे फारसा फरक नाही, कार्डवर एनव्हेंक चिप एकच आहे, कंटेनर पाच केले तरी एकच. शिवाय जीफोर्स कार्डांवर ड्रायव्हरमधेच एकावेळच्या एन्कोडिंग सेशनची मर्यादा असते, पूर्वी तीन होती, २०२३ मधे पाच केली, २०२४ च्या सुरुवातीच्या ड्रायव्हरमधे आठ. ही मर्यादा कंटेनरमागे नसते, पूर्ण मशीनची मिळून असते, म्हणजे जेलीफिन वाचनकक्षात काही ट्रान्सकोड करत असेल तर तेही त्यातच मोजलं जातं. मर्यादा ओलांडली की एरर बरेचदा येतो तो आउट ऑफ मेमरी असा, आणि माणूस कार्डची मेमरी तपासत बसतो, जी निम्मी रिकामीच असते. टी४ सारख्या डेटासेंटर कार्डांना ही मर्यादा नाही.

चिप खरंच काम करतेय का ते बघायचं तर एसएमआयचा नेहमीचा तक्ता उपयोगाचा नाही, त्यातला मोठा टक्केवारीचा आकडा एन्कोडरचा नसतो. त्याच टूलचा डीमॉन (dmon) मोड चालवला की ईएनसी आणि डीईसी असे वेगळे रकाने येतात, ते बघा. आणि कंटेनरच्या आतून प्रोसेसची यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, ती होस्टवरून बघायची असते.

मेच्या शेवटी एका सकाळी जेलीफिनमधे व्हिडिओ सुरू होईनात. आत एसएमआय म्हणत होतं एनव्हीएमएल सुरू होत नाही, अननोन एरर, बाहेर होस्टवर सगळं छान. रात्री कुठल्यातरी पॅकेजच्या अपडेटने सिस्टमडीचं (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) डीमन-रीलोड झालं होतं. त्यात सिस्टमडी कंटेनरचे डिव्हाइसचे नियम नव्याने लिहितं, आणि टूलकिटने मागच्या दाराने दिलेलं कार्ड त्या यादीत नसल्यामुळे चालू कंटेनरच्या हातून सुटतं. टूलकिटच्या अधिकृत ट्रबलशूटिंगमधे हे लिहिलेलं आहे. उपाय सोपा, एन्व्हिडिया०, एन्व्हिडियासीटीएल, एन्व्हिडिया-यूव्हीएम आणि यूव्हीएम-टूल्स ही डिव्हाइसेस कॉम्पोजमधे नावानिशी लिहायची, मग ती डॉकरच्या अधिकृत यादीत जातात आणि टिकतात. एन्कोडिंगच्या कंटेनरना याचा त्रास झाला नव्हता कारण ते फाईलमागे एक उठतात आणि संपतात.

याच्या जोडीला ड्रायव्हरची आपोआप अपडेट बंद केली, एन्व्हिडियाची सगळी पॅकेजेस होल्डवर टाकून. लायब्ररी नवी आणि कर्नलमधलं मॉड्यूल जुनं अशी अवस्था झाली तर व्हर्जन मिसमॅच येतो आणि सरळ उपाय रीबूट. आता महिन्यातून एका रविवारी मी स्वतः अपडेट करतो, रीबूट करतो, टेस्ट पॅटर्नची चाचणी चालवतो आणि मग घरी जातो.

फायलींच्या मालकीचंही बघून घ्या, कंटेनर रूटने चालला तर तयार होणारी प्रत्येक फाईल रूटची होते आणि ग्रंथपालांना नावही बदलता येत नाही. संस्थेच्या युजरचा नंबर कॉम्पोजमधे दिला की झालं, एन्व्हिडियाची डिव्हाइसेस सहसा सगळ्यांना खुली असतात त्यामुळे इंटेलसारखं ग्रुपचं गणित इथे करावं लागलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून एक फोल्डर आहे, त्यात मूळ फाईलचा दुवा आणि कुठून कुठपर्यंत कापायचं त्याची छोटी फाईल टाकली की प्रत आपोआप तयार होते, आणि ते आता मी नाही, ग्रंथपाल बाई आणि दोन कॉलेजची मुलं करतात. डॉकरफाईल, कॉम्पोज, हेडरचा टॅग, ड्रायव्हरचा नंबर आणि वर लिहिलेले एरर त्यांच्या उपायांसकट संस्थेच्या रजिस्टरमधे छापून चिकटवलेत, कोटेशनच्या फाईलच्या शेजारीच.

राहिलंय ते एचडीव्हीच्या, म्हणजे एचडी चित्रणाच्या, कॅसेटींचं, शेवटच्या काही वर्षांच्या. त्या एमपेग-२ मधे आहेत, १४४० बाय १०८०, इंटरलेस्डच, आणि एमपेग-२ कार्डला कळतं, त्यामुळे तिथे डिकोड, फिल्टर आणि एन्कोड तिन्ही कार्डवरच होईल असं चाचणीत दिसलंय. त्यांच्यात वरची ओळ आधी असते, ते सेटिंग वेगळं ठेवावं लागेल. पावसाळ्यात ते काम लावायचं ठरलंय, सरांना दाखवायला एक सतारीची बैठक काढून ठेवली आहे.